न आलेली तक्रार

गंजण्यापेक्षा झिजलेले बरे, असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. माणसांच्या बाबतीत ते खरे असेलही; परंतु आमच्या कारखान्यात ज्या वस्तू घडतात, त्यांना ही निवड उपलब्ध नाही. झिजणे त्यांच्या नशिबी आहेच, पण ते पुढे, परदेशातील कुठल्याशा यंत्रात बसल्यानंतर. तोवर, म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतून निघाल्यापासून हॅम्बुर्गच्या गोदामात पेटीचे झाकण उघडले जाईपर्यंत, त्यांनी झिजायचेही नाही आणि गंजायचेही नाही. नुसते जसेच्या तसे राहायचे. जसेच्या तसे राहणे ही किती कष्टाची गोष्ट आहे, हे आम्हांला या कामाने शिकविले.

आम्ही म्हणजे एका घरातल्या दोघी जावा. मामंजींनी उभा केलेला लहानसा कारखाना आहे. शेजारच्या ओतशाळांतून बिडाचे ओतीव भाग येतात. यंत्रांवर त्यांना छिद्रे, खाचा, चकचकीत पृष्ठे घडविली जातात आणि त्यांतले बरेचसे परदेशी जातात. यंत्रांची बाजू घरातले दोघे भाऊ सांभाळतात. धुणे, पुसणे, तपासणे, गुंडाळणे आणि पेटीत भरणे ही बाजू मात्र गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. पाहुणेमंडळींना हे काम फारसे महत्त्वाचे वाटत नाही. वस्तू घडविणे म्हणजे कर्तृत्व आणि ती बांधणे म्हणजे उरकण्याचे काम, अशी समजूत रूढ आहे. त्या समजुतीविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आले.

बेळगावचा आणि लोखंडाचा ऋणानुबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला उद्योग १८८८ साली याच गावी सायकलींच्या दुकानाने सुरू केला, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर येथेच केले आणि पुढे १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. आज उद्यमबागेत ओतशाळा आणि यंत्रशाळा यांची दाटी आहे. तेथील माणसांच्या बोलण्यात मायक्रॉन हा शब्द मीठमिरचीइतक्या सहजपणे येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी आम्ही जे झडपांचे सांगाडे करतो, त्यांच्या छिद्रात जो दांडा सरकतो, त्या दोहोंमध्ये अंतर असते अवघ्या काही मायक्रॉनचे. आणि लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो. सुईच्या टोकाएवढा तांबूस ठिपका त्या छिद्रात पडला, तरी दांडा अडकतो. मग तो भाग भंगाराच्या भावाचा. घडविणाऱ्याचे आठ दिवसांचे कौशल्य त्या ठिपक्यापाशी संपते.

गंज कशाने येतो, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी ही त्रयी जमली की गंज आलाच. यांपैकी लोखंड तर आपलाच माल, आणि हवा टाळणे सामान्यतः अशक्य. उरले पाणी. म्हणून बांधणीचे सारे शास्त्र अखेरीस पाण्यापाशी येऊन थांबते. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत या विषयावर पुष्कळ प्रयोग केले. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपासचा एक उंबरठा ओलांडीपर्यंत गंज फार मंद असतो आणि तो ओलांडताच झपाट्याने वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. आमच्याकडे आषाढात हवा महिना-महिना त्या उंबरठ्याच्या पलीकडेच असते. पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते, कपाटातील चपलांवर पांढरी बुरशी येते. ज्या घरात पापड सादळतो, त्या घरात लोखंडही सादळत असते. फरक इतकाच, की पापड पुन्हा भाजता येतो.

खरे पाहता हे शास्त्र कोणत्याही जुन्या स्वयंपाकघरात शिकावयास मिळे. आमच्या सासूबाई बिडाचा तवा घासून कधी तसाच पालथा घालीत नसत. तो पुसायचा, विस्तवावर क्षणभर ठेवून उरलेला ओलावा उडवायचा आणि मग त्यावर तेलाचा हात फिरवायचा. विळीच्या पात्याला खोबरेल लावूनच ती उभी केली जाई. धुणे, सुकविणे, तेल लावणे हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. कारखान्यात आम्ही जे करतो ते याहून मूलतः निराळे नाही. यंत्रावर कापताना जॉबवर पाणीमिश्रित तेल, ज्याला कामगार कूलंट म्हणतात, ते सोडलेले असते. ते तसेच राहिले तर त्यातील पाणी आणि क्षार मागे उरतात. म्हणून प्रथम गरम धुणे, तेही क्षार काढलेल्या पाण्याने. कारण कूपनलिकेचे जड पाणी वाळल्यावर जो पांढरट थर ठेवते, तो पुढे ओलावा धरतो. मग छिद्राछिद्रांतून कोरड्या हवेचा झोत. मग जॉब खोलीच्या तपमानाला येईपर्यंत थांबणे. हे थांबणे सर्वांत कठीण. ट्रक यायची वेळ झालेली असते आणि जॉब हाताला कोमट लागत असतो. कोमट जॉब पिशवीत कोंडला, की त्याच्याभोवतीची उबदार हवा आपल्यातले पाणी घेऊन तेथेच अडकते आणि रात्री गार पडल्यावर ते पाणी त्याच्याच अंगावर टेकते. गरम पोळ्या डब्यात भरून लगेच झाकण लावणाऱ्या गृहिणीला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर तेल. गंजरोधक तेलाचे काम दुहेरी असते. ते पाण्याला धातूपासून बाजूला सारते आणि मग स्वतः पातळ पापुद्र्यासारखे तेथे राहते. अमेरिकेतील एका लहानशा कंपनीने १९५३ साली अग्निबाणाच्या कवचाला गंजापासून वाचविण्यासाठी असे तेल शोधावयास घेतले. पाणी हटविणारे मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात साधले, म्हणून त्याचे नाव डब्ल्यूडी-४० पडले. एकोणचाळीस वेळा न साधलेल्या गोष्टीची आठवण नावातच जपणारी ही वस्तू आम्हांला नेहमी आवडत आली आहे. दीर्घ प्रवासाला मात्र याहून टिकाऊ तेल लागते. आणि ते इतके घट्टही असून चालत नाही, की तिकडच्या कामगाराला ते धुऊन काढताना आमच्या नावाने बोटे मोडावी लागतील.

तेल लावलेला जॉब जाडसर प्लास्टिकच्या पिवळ्या किंवा निळसर पिशवीत जातो. ही पिशवी दिसायला साधी असली तरी तिच्यात एक औषध मुरविलेले असते. ते हळूहळू वाफ होऊन बंद पिशवीतील हवेत पसरते, धातूच्या पृष्ठावर अदृश्य थर धरून बसते आणि पिशवी उघडताच उडून जाते. रेशमी साड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या ठेवण्यासारखीच ही युक्ती. गोळी प्रत्येक साडीला शिवत नाही, पण तिचा वास प्रत्येक घडीत पोहोचतो. आणि झाकण उघडे राहिले तर गोळ्या निष्फळ होतात. अशी वाफाळणारी गंजरोधके १९४० च्या दशकात, महायुद्धाच्या काळातील निकडीतून, पुढे आली. बंदुका आणि इंजिनांचे भाग सागरापार न्यायचे आणि पोहोचताच वापरायचे, चिकट ग्रीस खरवडत बसायला वेळ नाही, ही ती निकड होती. ओलावा शोषणारे सिलिका जेलही असेच लढाईच्या निमित्ताने प्रचारात आले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांसाठी त्यावर काम झाले आणि वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आज तेच दाणे औषधाच्या बाटलीत आणि नव्या पादत्राणांच्या खोक्यात निमूटपणे बसलेले असतात.

येथे एका मुलीची हकीकत सांगितली पाहिजे. ती जवळच्या खेड्यातून आमच्याकडे कामाला आली. हात अत्यंत स्वच्छ, नजर तीक्ष्ण. परंतु तिने हाताळलेल्या जॉबवर दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांचे ठसे तांबूस उमटलेले दिसू लागले. इतरांच्या हातून असे होत नसे. चार दिवसांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, हिच्या अंगात उष्णता फार. कोणी म्हणाले, हिचा हातच तसा. हिचा हातच तसा, हे आपल्याकडे बाईविषयी किती सहज बोलले जाते! मुलगी रडू लागली आणि काम सोडून जाते म्हणाली. घरी तिच्या पगाराची वाट पाहणारी माणसे होती.

वस्तुस्थिती अशी, की घामात मीठ असते, लॅक्टिक आम्ल असते आणि त्यांचे प्रमाण माणसागणिक बदलते. हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन त्यात विरघळू लागते. म्हणजे बोटाचा प्रत्येक ठसा हा एक न दिसणारा खारट थेंबच होय. काहींच्या घामाने लोखंड लवकर गंजते, ही गोष्ट जगातील प्रत्येक यंत्रशाळेला ठाऊक आहे. त्यात ना रोग आहे, ना दोष. आम्ही सर्वांना एकत्र बसवून हे सांगितले आणि त्या दिवसापासून खोलीत सर्वांनाच हातमोजे सक्तीचे केले. प्रथम आम्ही दोघींनी घातले. तिच्या एकटीच्या हातात मोजे दिले असते, तर जॉब वाचले असते, पण मुलगी गेली असती. मामंजी एकदा खोलीत आले, तेव्हा त्यांनीही दारातून मोजे मागून घेतले. ती मुलगी आज खोलीतील तपासणीचे काम पाहते.

आता समुद्राकडे वळू. समुद्रप्रवास म्हटला, की खाऱ्या पाण्याच्या लाटा पेटीवर आदळत आहेत असे चित्र डोळ्यांसमोर येते. धड कंटेनरात समुद्राचे पाणी सहसा शिरत नाही. गंजाला कारण होते ते बहुधा आपणच आत कोंडलेले पाणी. तीस अंश तपमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने सांभाळू शकते. दहा अंशांना तीच हवा साडेनऊ ग्रॅमही धड सांभाळू शकत नाही. वीस फुटी कंटेनरची पोकळी सुमारे तेहतीस घनमीटर. न्हावाशेव्याच्या दमट हवेत तो बंद केला आणि युरोपच्या हिवाळ्यात गार पडला, तर केवळ हवेतूनच सुमारे अर्धा लिटर पाणी सुटते. ते छताच्या आतल्या बाजूस जमते आणि भाताच्या तपेलीच्या झाकणाखालचे पाणी टपकावे तसे खालच्या मालावर टपकते. जहाजावरची माणसे याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. याची उलट बाजूही आहे. गार पडलेली पेटी उबदार गोदामात लगेच उघडली, तर थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटावा तसा आतल्या लोखंडालाच घाम फुटतो. म्हणून आमच्या प्रत्येक पेटीवर एक सूचना चिकटविलेली असते, की पेटी आणल्यावर एक दिवस तशीच ठेवावी आणि मगच उघडावी.

आमच्यासारख्यांचा माल थोडका. एका कंटेनरात चार घरच्या पेट्या असतात. तेथले शेजारी आपण निवडलेले नसतात. कोणाचे लाकूड ओले असेल, कोणाची पोती दमट असतील. पूर्वी सुटा माल जहाजाच्या पोटात रचला जाई आणि हवा खेळती ठेवण्याकडे जहाजावरचे अधिकारी लक्ष देत. १९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या जहाजाने अठ्ठावन्न पेटारे नेले, तेथून कंटेनरचे युग सुरू झाले. चोरी आणि फुटतूट कमी झाली, वेळ वाचला. पण दार एकदा बंद झाले की महिना-दीड महिना आत डोकावणारे कोणी नाही. लेकीला सासरी पाठविताना आईने जे शिकविले असेल तेवढीच तिची शिदोरी, तसे आपण पिशवीत जे ठेवले तेवढेच त्या मालाचे संरक्षण.

हे सारे पणाला लागले ते २०२४ च्या जानेवारीत. त्याआधीच्या डिसेंबरात तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले वाढल्यामुळे अनेक जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास प्रारंभ केला होता. १८६९ मध्ये खुल्या झालेल्या कालव्याने जी वाट लहान केली होती, ती पुन्हा चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी लांबली. दहा-पंधरा दिवस अधिक. आणि शिवाय विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. म्हणजे उष्ण दमट हवा, मग दक्षिणेचा गारवा, पुन्हा उष्ण दमट हवा आणि शेवटी युरोपची थंडी. आमचा झडपांच्या सांगाड्यांचा चार पेट्यांचा माल नेमका तेव्हा हॅम्बुर्गला निघायचा होता. नवे गिऱ्हाईक, पहिलीच मोठी ऑर्डर. तिच्यासाठी बँकेकडून कर्ज काढून यंत्र घेतलेले. माल पोहोचून तपासला गेल्यावर पैसे मिळणार होते.

जॉब तेल लावून पिशव्यांत बंद झाले होते. सकाळी लाकडी पेट्या आल्या. दुपारी ट्रक दाराशी उभा राहिला. पेट्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला आणि लाकूड तापविल्याची खूण सांगणारा शिक्का ठसठशीत होता. परंतु आमच्यातील धाकटीने फळीला हात लावला आणि तिला तो गार लागला. आमच्याकडे लाकडातील ओलावा मोजणारे दोन सुयांचे लहान यंत्र आहे. त्याचा आकडा निघाला अठ्ठावीस टक्के. दुसऱ्या फळीला सव्वीस, तिसरीला एकोणतीस. आम्ही वीसच्या वरचे लाकूड घेत नाही.

दोघा भावांतील धाकटे म्हणाले, "शिक्का तर आहे ना?" शिक्का होता आणि खराही होता. पेट्या देणाऱ्या गृहस्थांनी काही लबाडी केली नव्हती. परंतु २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो शिक्का एवढेच सांगतो, की लाकडाचा गाभा छप्पन्न अंशांपर्यंत तापवून तीस मिनिटे तसा ठेवला होता. तो नियम लाकडातील किडे परदेशी जाऊ नयेत यासाठी आहे. किडे मेले म्हणजे लाकूड वाळले असे नव्हे. कोणी कशाची खात्री दिली आहे हे न पाहता नुसता शिक्का पाहून समाधान मानणे, हे पेट्यांपुरतेच घडते असेही नाही.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. साठ किलोची पेटी, ओलावा अठ्ठावीस टक्के, म्हणजे सुमारे तेरा लिटर पाणी त्या फळ्यांतच. चार पेट्यांत पन्नास लिटरांहून अधिक. जेथे हवेतल्या अर्ध्या लिटराचे भय बाळगायचे, तेथे आम्ही स्वतःच्या हाताने चार घागरी पाणी आत ठेवणार होतो. उन्हात तापलेल्या कंटेनरात ते हळूहळू बाहेर येणार. पिशवी चांगली असली, तरी प्लास्टिकमधून वाफ थोडी थोडी झिरपतेच. आणि एखाद्या कोपऱ्याने टाचणीएवढे छिद्र पडले, तर आतल्या सिलिका जेलची पुडी काय काय शोषणार? एक किलो जेल फार तर तीन-चारशे ग्रॅम पाणी धरते.

त्यावर धाकट्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. आज ट्रक गेला नाही तर जहाज चुकते. पुढचे केव्हा मिळेल याचा त्या दिवसांत भरवसा नव्हता, भाडी वाढत होती. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच वेळी उशीर कळवायचा. महिनाअखेरीचे पगार आणि बँकेचा हप्ता समोर उभा. "पिशव्या चांगल्या आहेत, तेल चांगले आहे, निभावेल," ते म्हणाले. निभावेल हा शब्द आपल्या भाषेत फार प्रेमळ आहे. त्याने पुष्कळ संसार तरले आहेत आणि तितकेच बुडालेही आहेत.

आमच्यातील थोरली म्हणाली, "भाऊजी, निभावले तर कोणाला कळणारही नाही. नाही निभावले, तर ते कळायला दीड महिना लागेल, आणि तेव्हा आपण तिथे नसू."

मामंजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ते आता व्यवहारात बोलत नाहीत. त्यांनी यंत्राचा आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि विचारले, "तुम्ही दोघी यावर सही कराल?" प्रत्येक पेटीच्या कागदावर बांधणाऱ्याची सही असते. आम्ही नाही म्हणालो. "मग ट्रक परत पाठवा," ते म्हणाले.

ट्रक परत गेला. त्याचे भाडे भरावे लागले. नव्या पेट्या प्लायवुडच्या केल्या. प्लायवुड उष्णता, दाब आणि डिंक यांनी बनलेले असल्यामुळे त्याला त्या शिक्क्याची आवश्यकता नसते आणि ते कोरडेही असते. जहाज चुकले ते चुकलेच. दुसरे नऊ दिवसांनी मिळाले. कामगारांचे पगार वेळेवर झाले. घरखर्चाचे पैसे मात्र दोन महिने कोणी उचलले नाहीत. त्या काळात जेवणाच्या पंगतीला फारसे बोलणे होत नसे. धाकट्यांनी तक्रार केली नाही, पण हसलेही नाहीत. आम्ही रात्री भांडी आवरताना एकमेकींना विचारीत असू, की आता ते जहाज कोठे असेल. एकदा मुलाच्या शाळेच्या नकाशावर आफ्रिकेचे दक्षिण टोक बोटाने शोधले आणि मग आपल्याच बोटाचा ठसा त्या निळ्या समुद्रावर पाहून दोघींनाही हसू आले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला. चार ओळींचा. माल मिळाला, तपासला, स्वीकारला. पुढील ऑर्डर सोबत जोडली आहे. गंजाविषयी एक अक्षर नव्हते. बांधणीविषयीही नव्हते. त्या रात्री धाकटे जेवताना म्हणाले, "पहिल्या पेट्यांतूनही कदाचित गेला असता." आम्ही त्यावर काही बोललो नाही, कारण त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. त्या ओल्या पेट्या समुद्रावर गेल्याच नाहीत. त्यांत काय घडले असते हे कोणालाच कळणार नाही.

या कामाचे, आणि घरातल्या पुष्कळशा कामांचेही, हेच लक्षण आहे. वस्तू घडविणाऱ्याला ती दाखविता येते. वस्तू राखणाऱ्याला काय दाखविता येणार? धान्याला कीड लागली नाही, दूध उतू गेले नाही, मूल पडता पडता राहिले, दोघा भावांतला एक शब्द वाढता वाढता थांबला. घडलेल्याची नोंद होते. न घडलेल्याला वहीत रकाना नसतो. म्हणून राखणारी माणसे कधी कधी कडवट होतात. आपल्या दक्षतेचे माप कोणी घेतले नाही, असे त्यांना वाटत राहते. आम्हांलाही तसे कधी वाटले नाही असे नाही. परंतु कोणी माप घेतले नाही, याचा अर्थ मापच नव्हते असा होत नाही. अठ्ठावीस हा आकडा खरा होता. तेरा लिटर पाणी खरे होते. सही न करणे हेही खरे होते. पुढे काय झाले असते यावर त्या दिवशीचा निर्णय अवलंबून नव्हता; समोर काय दिसत होते, यावर अवलंबून होता. आमच्या मते राखण करणाऱ्याला इतका आधार पुरेसा असावा.

धाकटे त्यानंतर काही सांगावयास आले नाहीत. मात्र पुढच्या वेळी पेट्या आल्या, तेव्हा त्या उतरविण्यापूर्वी त्यांनी ते दोन सुयांचे यंत्र मागून नेले आणि ट्रकवर चढून स्वतः फळ्या तपासल्या.

बांधणीच्या खोलीत एक लांबट वही आहे. तिच्यात पेटीचा क्रमांक, तारीख, त्या दिवशीची खोलीतील आर्द्रता, लाकडाचा ओलावा, तेलाचे नाव आणि बांधणाऱ्यांच्या सह्या असे रकाने आहेत. शेवटचा रकाना तक्रारीसाठी राखून ठेवला आहे. नव्याने कामाला येणाऱ्या मुली ती वही चाळतात आणि हा रकाना पानोपानी रिकामा का ठेवला आहे, असे विचारतात. तो रिकामाच राहावा म्हणून बाकीचे सगळे रकाने भरायचे असतात, असे आम्ही त्यांना सांगतो, आणि त्यांच्या हाती मोजे देतो.